आवाज दुसऱ्या दाराने जातो

"नियतीने यशवंत सोनकांबळे यांची दृष्टी हिरावून घेतली, परंतु त्या बदल्यात त्यांना दैवी श्रवणशक्ती बहाल केली. अंधशाळेच्या संगणकाचा गेलेला आवाज त्यांनी परत आणला, तो दिवस मी कधीही विसरणार नाही. मी शेजारी बसून पडद्यावरील एकेक ओळ वाचून दाखवीत होतो आणि ते शांतपणे कळा दाबीत होते. डोळे माझे, बोटे त्यांची, असा तो संगम होता."

लातूरच्या ज्या अंधशाळेत सोनकांबळे यांनी निवृत्तीनंतर संगणक शिकवला, त्या शाळेने त्यांच्या मृत्यूनंतर एक स्मरणिका काढली. हा उतारा तिच्यातला. लेखक श्री. शिवराज निटुरे हे लातुरातील संगणकविक्रेते असून माझे जुने स्नेही आहेत. स्नेह्याचे असत्य स्नेहापोटी खपवून घ्यावे, असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. वरील उताऱ्यात दोन विधाने आहेत. सोनकांबळे यांना दैवी कान होता, हे पहिले. निटुरे त्यांना पडदा वाचून दाखवीत होते, हे दुसरे. दोन्ही खोटी आहेत. पहिले निरुपद्रवी खोटे आहे. दुसऱ्याने मात्र एका मुलीच्या उपजीविकेवर घाला घातला आहे, म्हणून ही लेखणी उचलावी लागली.

ती मुलगी म्हणजे शिरूर अनंतपाळची संगीता पांचाळ. जन्मांध आहे. सोनकांबळे यांच्या हाताखाली शिकली, आणि ते आजारी पडल्यापासून त्यांचा वर्ग तीच चालवते. मागच्या बैठकीत शाळेची समिती तिला रीतसर शिक्षिका नेमणार होती. तेवढ्यात एका नव्या सदस्याने स्मरणिकेतला हा उतारा मोठ्याने वाचला आणि म्हटले, "साक्षात सोनकांबळे सरांनाबी डोळस माणूस शेजारी लागला. मग ह्या पोरीला एकटीला वर्ग कसा द्यावा?" लगेच ठराव फिरला. शिक्षक डोळस नेमावा, संगीताने त्याची मदतनीस व्हावे, आणि पुढच्या बैठकीत त्यावर शिक्कामोर्तब करावे, असे ठरले. जुना सदस्य या नात्याने मी खुलासा करण्यासाठी उभा राहिलो, तर अध्यक्ष म्हणाले, "बसा अण्णा. लई जुनी गोष्ट हाय, आता कोणाला काय आठवणार?"

मला आठवते. बाहेर आल्यावर संगीता म्हणाली, "सर असते तर हसले असते, काका. मला हसून भागायचं न्हाई." म्हणून हा लेख. सोनकांबळे कोण होते हे आधी सांगतो, कारण माणूस कळल्याशिवाय पुराव्याचे वजन कळत नाही.

नांदेडच्या आमच्या सरकारी कार्यालयात मी अधीक्षक होतो आणि सोनकांबळे टेलिफोन ऑपरेटर. जिन्याखालच्या लहानशा खोलीत त्यांचा बोर्ड होता. गाव कंधारजवळचे. लहानपणी देवी आल्या आणि डोळे गेले. यापलीकडे त्या विषयावर ते बोलत नसत. कोणी हळहळू लागले तर मध्येच तोडून "चहा सांगितलाव का?" असे विचारीत. पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा सदरा घालीत, आणि कॉलरवर धुळीचा कण बसल्याचा संशय आला तरी दिवसभर बेचैन असत. रस्ता ओलांडताना कोणी त्यांचा हात धरला की ते जागेवर थांबत. "हात धरून काय मला पोलिसात न्यायलाव? कोपर द्या," असे म्हणून समोरच्याचे कोपर स्वतः धरीत आणि मग त्यालाच ओढत पलीकडे नेत.

आता त्या दैवी कानाविषयी.

टेलिफोनच्या खोलीत मी आठवड्यातून निदान एकदा तरी शिपाई ठरत असे. मी दारातून काही विचारले की आतून हुकूम सुटे, "गंगाधर, आधी पाणी आण." गंगाधर हा आमचा शिपाई, आवाजाने रेड्यासारखा. माझा आवाज तसा नाही, हे माझे शत्रूही मान्य करतील. मी रागावून नाव सांगितले की सोनकांबळे तसूभरही न शरमता म्हणत, "माफ करा साहेब, आज तुमचा आवाज जरा प्रामाणिक लागला." वर्षानुवर्षे एका कानाला हेडफोन लावून तो कान मंद झालेला होता. सुरांशी तर त्यांचे उभे वैर होते. जयंतीच्या कार्यक्रमात ते हौसेने गीतांना साथ देत, आणि मंडळातली माणसे तितक्याच आदराने त्यांना मायक्रोफोनपासून दूर बसवीत. हे त्यांना ठाऊक होते. "मला मागं बसवतात, कारण पुढं बसलो तर पुढचे लोक मागं जातात," असे ते स्वतःच सांगत आणि वाक्य पुरे होण्याआधीच हसू लागत. असा हा दैवी कान.

त्यांच्याकडे जे होते त्याला मी हट्ट म्हणतो. कार्यालयात नवे यंत्र आले, फोन आपोआप जोडले जाऊ लागले आणि ऑपरेटरचे काम संपले. वरिष्ठांनी त्यांना प्रेमाने सांगितले, "तुम्ही नुसते बसा." दुसऱ्या कोणाला हे वरदान वाटले असते. सोनकांबळे माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "साहेब, नुसतं बसायला मी काय फोटो हाय?" त्याच सुमारास पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे संगणक निघाले होते. तसा एक त्यांना मिळावा म्हणून त्यांनी इतके अर्ज केले, आणि प्रत्येक अर्जाचा इतक्या मोठ्याने पाठपुरावा केला, की कार्यालयाने अखेर स्वतःच्या शांततेसाठी त्यांना संगणक दिला.

तो बोलू लागला, आणि पुढच्याच आठवड्यात गप्प झाला. कोणीतरी विंडोज नव्याने टाकली होती आणि ध्वनीचा ड्रायव्हर घालायचा राहिला होता. आमच्यासारख्यांचा आवाज गेला तर गाणे ऐकू येत नाही, एवढेच. सोनकांबळे म्हणाले, "तुमचं गाणं जातं साहेब. माझी खोली जाती. दार, खिडकी, टेबल, समदं एका दमात." त्या दिवशी त्यांनी शपथ घेतली की पुन्हा आपल्या आवाजासाठी कोणाच्या दारात उभे राहायचे नाही. कोणती कळ कितीदा दाबली की कोठे पोहोचतो, हे त्यांनी पाढ्यांसारखे पाठ केले. पाठ करताना चुकत, चुकले की यंत्राला शिव्या देत, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करीत.

ड्रायव्हर म्हणजे काय, हे मला त्यांनीच समजावले. तेलुगू मुलखाला लागून असलेल्या देगलूरकडे काही वर्षे काढलेल्या माणसाला शोभेल असाच तो दृष्टान्त होता. "समजा नवा साहेब आला तेलुगू बोलणारा, अन् बाबू निव्वळ मराठी. साहेबाचं बरोबर, बाबूचंबी बरोबर, पण मधे दुभाषा न्हाई, तर दप्तर बंद. ड्रायव्हर म्हंजे तो दुभाषा. लोक काय करतात, दप्तर बंद पडलं की साहेबच बदलतात." मी अनेक इंजिनिअरांना हाच प्रश्न विचारला आहे. इतके सोपे उत्तर एकानेही दिले नाही.

दुभाषाच नसेल तर आंधळ्या माणसाने दुभाषा बसवायचा तरी कसा? आवाज नाही, म्हणून ऐकू येत नाही. ऐकू येत नाही, म्हणून आवाज आणता येत नाही. या कोंडीवर त्यांनी जो उपाय काढला होता तो कायम त्यांच्या सदऱ्याच्या खिशात, रुमालात बांधलेला असे. अंगठ्याएवढे एक ध्वनिकार्ड. कोणत्याही संगणकाला मागून खोचावे, हेडफोन लावावा, की कसलाही ड्रायव्हर न मागता बोलायला लागते. त्याला त्यांनी 'जावई' असे नाव दिले होते. "कुठल्याबी घरात पाऊल टाकलं की लगेच मान. अन् काही मागत न्हाई, असा हा मराठवाड्यातला पहिलाच जावई." जावयाच्या मदतीने आत शिरायचे, यंत्राचे स्वतःचे दुखणे कानाने ऐकून दुरुस्त करायचे, आणि मग जावयाला पुन्हा रुमालात बांधायचे, अशी त्यांची रीत होती.

त्यांचे एक वाक्य लातूर-नांदेडच्या संगणकवाल्यांमध्ये आजही चालते: "आवाज जात न्हाई, दुसऱ्या दारानं जातो." स्मरणिकेत एका महाशयांनी ते त्यांच्या 'चिंतनातून स्फुरले' असे लिहिले आहे. ते क्रिकेटमधून स्फुरले.

झाले असे. आमच्या साहेबांची मुंबईशी पडद्यावरून बैठक होती, आणि ऐन वेळी संगणकातून आवाज येईना. मुंबईचे अधिकारी ओठ हलवीत होते, आमचे साहेब माना हलवीत होते. सोनकांबळे यांना पाचारण झाले. त्यांनी ड्रायव्हर काढला, घातला, पुन्हा काढला. सबंध सकाळ ते ठामपणे चुकीचेच बोलत होते. दोष स्पीकरचा आहे, असे त्यांनी तिघांना सांगितले आणि स्पीकर बदलल्यावर तो तारेचा आहे असे चौथ्याला सांगितले. एवढ्यात गंगाधरने, साहेब गुंतलेले पाहून, भिंतीवरचा मोठा टीव्ही सामन्याची धावसंख्या पाहावी म्हणून चालू केला. त्याबरोबर त्या टीव्हीतून मुंबईचे अधिकारी गरजले, "नांदेड, तुम्ही ऐकता आहात की नाही?" गंगाधरच्या हातून रिमोट पडला. आदल्या दिवशी कोणीतरी टीव्हीची तार संगणकाला जोडून ठेवली होती, आणि बंद टीव्हीकडे सगळा आवाज इमानाने जात होता.

सोनकांबळे अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "मी तेच म्हणून राहिलो होतो. आवाज जात न्हाई, दुसऱ्या दारानं जातो." मी म्हटले, "तुम्ही असे काहीही म्हणत नव्हता." ते म्हणाले, "मनात म्हणत होतो, साहेब. तुमच्या मनाला हेडफोन न्हाई त्याला मी काय करू?"

त्या दिवसापासून मात्र त्यांनी ते वाक्य खरे करून दाखवले. कोठेही गेले तरी पहिला प्रश्न हाच, की या खोलीत आणखी काय काय बोलू शकते. माणसांनाही ते हेच लावीत. माझी पत्नी एकदा माझ्याशी अबोला धरून होती, तेव्हा त्यांनी मला सल्ला दिला, "ड्रायव्हर बदलू नका. वहिनीसाहेबांचा आवाज कुठल्या दारानं चाललाय ते बघा." तो आवाज माझ्या मेहुण्याकडे फोनवरून चालला होता.

निवृत्तीनंतर ते लातूरला बहिणीच्या शेजारी राहायला गेले. मीही मुलाच्या नोकरीमुळे अधूनमधून लातुरी मुक्कामाला असे. आमच्या भेटीचे ठिकाण म्हणजे निटुरे यांचे दुकान. निटुरे हे उदगीरकडचे, कपाळावर भस्म, मनाने उदार, बोलण्यात अघळपघळ. सकाळी दुकानात चुरमुऱ्यांचा सुशीला येई, वर शेंगदाणे आणि लिंबू. सोनकांबळे एका हाताने तो खात आणि दुसऱ्या हाताने गिऱ्हाइकांचे मुके संगणक बोलते करीत. निटुरे शेजारी खुर्ची ओढून पडदा वाचून दाखवीत. होय, वाचून दाखवीत. हे मी नाकारत नाही. दुकानात त्यांनी शेकडो ओळी वाचल्या असतील.

आणि कशा वाचल्या, तेही ऐका. निटुरे यांना घाई फार. पडद्यावर चौकट उमटली की ते मजकूर सोडून थेट बटणांवर येत.

"ओके म्हणतंय सर. दाबा."

"कशाला ओके म्हणतंय, शिवराजअप्पा?"

"ते वर बारीक अक्षरात काहीतरी हाय. दाबा तुम्ही, मी हाय ना."

"तुमी हाव म्हणूनच इचारून राहिलो."

एकदा असेच 'दाबा' म्हटल्यावर एका वकिलाच्या संगणकातला चांगला चाललेला ड्रायव्हर पुसला गेला, आणि वकीलसाहेब दारात उभे राहून भरपाईची कलमे सांगू लागले. जावयाने तो प्रसंग निभावला. नंतर मी सोनकांबळे यांना विचारले की हेडफोनमध्ये सगळे स्वतःला ऐकू येत असताना निटुरे यांना वाचू कशाला देता. ते हसून म्हणाले, "वाचू द्या, साहेब. दुकान त्याचं, सुशीला त्याचा, खुर्ची त्याची. एवढं तरी त्याला करू द्या." निटुरे यांच्या स्मृतीत दुकानातले ते वाचन आणि शाळेतला तो दिवस एकमेकांत मिसळले आहेत, एवढेच मी म्हणेन. लबाडीचा आरोप मी त्यांच्यावर करीत नाही. उत्साहाचा करतो.

आता शाळेतला दिवस.

अंधशाळेने एक संगणक घेतला होता आणि वर्ग सुरू करायचा होता. सोनकांबळे यांना तो वर्ग हवा होता, आणि एकट्याला हवा होता. समितीतील बहुमत म्हणत होते की शिक्षक डोळस असावा आणि सोनकांबळे यांनी त्याला साह्य करावे. म्हणजे आज संगीतापुढे जे ताट वाढले जात आहे, नेमके तेच. सोनकांबळे मला म्हणाले, "आंधळ्या लेकरांना पहिल्याच दिवशी शिकवायचं, की आवाज गेला तर डोळस माणसाला हाक मारा? मग मी शिकवू काय?"

समितीची बैठक दसऱ्यानंतर ठरली, आणि खंडेनवमीनंतर शाळेचा संगणक मुका झाला. निटुरे यांच्या दुकानातला माणूस येऊन गेला. त्याने एक ड्रायव्हर घातला, तो चालेना म्हणून दुसरा, मग इंटरनेटवर सापडला म्हणून तिसरा. संगणक मुकाच. अध्यक्ष, ते आज हयात नाहीत, मोठे सरळ गृहस्थ होते. ते म्हणाले, "सोनकांबळे सर, आता परीक्षा आपोआपच समोर आली. एकट्याने आवाज आणा, वर्ग तुमचा. नाहीतर डोळस शिक्षक." आणि समिती शेजारच्या कचेरीत चहाला गेली. वर्गात सोनकांबळे, साक्षीदार म्हणून मी, आणि संगणक पुरवणारे म्हणून निटुरे असे तिघेच उरलो.

निटुरे यांच्या हातात पेढ्यांचा डबा होता. आवाज येणारच या श्रद्धेने त्यांनी तो आधीच आणला होता आणि त्याच श्रद्धेने ते आधीच खात होते. ते म्हणाले, "सर, चौथा ड्रायव्हर टाकून बघू का?"

"शिवराजअप्पा, तुमच्या माणसानं तीन दुभाषे आणून बसवलेत. ते आपसातच भांडून राहिले. तुमी पेढा खावा."

त्यांनी रुमाल सोडला, चाचपडत यंत्राच्या मागे जावई खोचला आणि हेडफोनचे एक टोक स्वतःच्या चांगल्या कानात, दुसरे माझ्या कानात घातले. "साहेब, साक्षीदार कोरडा नसावा." यंत्र इतक्या वेगाने बोलत होते की मला एक शब्द कळेना, भट्टीत लाह्या फुटाव्यात तसा तो आवाज. सोनकांबळे मात्र मान डोलवीत, कळा दाबीत चालले होते. त्यांनी एकेक करून तिन्ही दुभाषे बाहेर काढले. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होताना त्यांनी संगणकाच्या डब्यावर तळहात ठेवला आणि पंख्याची थरथर जाणवल्यावर म्हणाले, "उठलं." मग स्वतःच्या पेनड्राइव्हमधून त्या यंत्राचा खरा ड्रायव्हर घातला. यंत्राने त्यांच्या कानात सांगितले की आता सर्व यथास्थित आहे. त्यांनी जावई काढला.

स्पीकरमधून काही नाही.

निटुरे खाकरले. मी घड्याळ पाहायचे टाळले. शेजारच्या कचेरीत कपबशा वाजत होत्या. सोनकांबळे यांच्या कपाळावर घाम आला होता, आणि सदऱ्याची कॉलर त्यांनी पहिल्यांदाच चुरगळू दिली. त्यांनी पुन्हा जावई खोचला, पुन्हा कळा दाबल्या, आणि बोटे अधांतरी थांबली.

"साहेब, हे म्हणतंय की पुढच्या भोकात हेडफोन लावलाय, म्हणून मी स्पीकर बंद केलाय. कोणी लावलाय?"

मी वाकून पाहिले. पुढच्या बाजूला कोणतीही तार नव्हती. तसे सांगितले.

त्यांचा चेहरा उजळत गेला, तो मी आयुष्यभर विसरणार नाही. "तर मग आवाज दुसऱ्या दारानं चाललाय," असे म्हणत त्यांनी डब्याच्या पुढच्या अंगावरून तर्जनी फिरवली, एका भोकाशी थांबवली, आणि ते बोट नाकाशी नेले. "कुंकू," ते म्हणाले.

खंडेनवमीला शाळेतल्या बाईंनी संगणकाची पूजा केली होती, आणि मनापासून केली होती. हळद, कुंकू, अक्षता. कोणता देव कोणत्या भोकातून नैवेद्य घेतो हे ठाऊक नसल्याने त्यांनी एकही भोक वंचित ठेवले नव्हते. कुंकवात भिजलेला तांदळाचा एक दाणा हेडफोनच्या भोकात शिरून, वाळून, घट्ट बसला होता. आतली पट्टी त्याने दाबून धरली होती, आणि यंत्र बिचारे समजत होते की कोणीतरी हेडफोन लावून ऐकते आहे. तीन ड्रायव्हर येऊन गेले, आणि दाणा तेथेच होता.

"काडी द्या बारीक. लाकडाची," सोनकांबळे म्हणाले. निटुरे यांनी खिशातून दातकोरणी काढून दिली. त्या दिवसातील त्यांचे योगदान हे. मी ते कमी लेखत नाही.

दाणा निघाला. आवाज येत नाही म्हणून आलेल्या प्रत्येकाने स्पीकरचे बटण थोडे थोडे चढवीत पार टोकाला नेऊन ठेवले होते, हे आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात नव्हते. यंत्र अशा काही स्वरात कडाडले की खिडकीतली कबुतरे उडाली, निटुरे यांचा पेढा घशात अडकला, आणि कचेरीतून अध्यक्ष चहाने भिजलेल्या धोतरानिशी धावत आले. सोनकांबळे दोन बोटांत तो लाल दाणा धरून उभे होते. म्हणाले, "अक्षता पडल्या, अध्यक्षमहाराज. लगीन लागलं. आता जावयाला घरी न्यायला मोकळा."

वर्ग त्यांना मिळाला. पूजा बंद करा, असे ते कधी म्हणाले नाहीत. उलट दर खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ते ओळखीच्या प्रत्येक शाळेला, दुकानाला आणि बँकेला फोन करून बजावीत, "उद्या पूजा हाय. कुंकू माथ्यावर लावा, कानात न्हाई." विष्णुपुरीच्या एका प्राध्यापकाने त्यांना अंधश्रद्धेवर बोलायला बोलावले, तर तेथेही ते हेच सांगून आले.

मी त्यांना शेवटचे पाहिले ते लातूरच्या बसस्थानकावर. प्रकृती उतरली होती, सदरा नव्हता उतरला. मला पोहोचवायला संगीताला घेऊन आले होते. दोघांनी एकमेकांचे कोपर धरले होते, आणि कोण कोणाला नेत आहे यावर फाटकापासून फलाटापर्यंत वाद चालू होता. मी नांदेडच्या गाडीत बसलो. शेजारी उदगीरची गाडी लागली होती. सोनकांबळे तिच्या खिडकीशी उभे राहून अत्यंत मायेने हात हलवू लागले आणि म्हणाले, "साहेब, पोचल्यावर फोन करा." उदगीरच्या गाडीतला एक अनोळखी फेटेवाला खिडकीतून वाकला आणि तितक्याच मायेने म्हणाला, "करतो की." सोनकांबळे समाधानाने वळले. "साहेबांचा आवाज आज लई बरा लागला," असे ते संगीताला सांगत होते. मी त्यांची दुरुस्ती केली नाही. गाडी सुटेपर्यंत मी हसत होतो.

राहिला निटुरे यांचा दावा. ते म्हणतात, पडदा वाचला. मी म्हणतो, नाही वाचला. एका म्हाताऱ्याची स्मृती दुसऱ्या म्हाताऱ्याच्या स्मृतीविरुद्ध, असे समितीला वाटते, म्हणून स्मृती बाजूला ठेवतो आणि वस्तुस्थिती सांगतो. तिसरा ड्रायव्हर घालताना निटुरे यांच्या माणसाला शाळेचा मॉनिटर, म्हणजे तोच पडदा, लुकलुकताना दिसला होता. आंधळ्या मुलांना त्याची घाई नाही, म्हणून तो काढून नेण्यात आला, आणि दिवाळीनंतर परत आला. परीक्षेच्या दिवशी सकाळी निटुरे यांना सोबत घ्यायला मी त्यांच्या दुकानात गेलो, तेव्हा पाठीवर शाळेचे नाव रंगवलेला तो एकुलता एक मॉनिटर त्यांच्याच टेबलावर पालथा पडला होता, आणि माझ्या चहाची बशी निटुरे यांनी स्वतःच्या हाताने त्याच्यावर ठेवली होती.